शाळेतली मैत्रीण शोधताना

आमच्या दहावीच्या ग्रुपवर मुलगे भराभर जमले. मुली मात्र सापडेनात. लग्नानंतर आडनाव बदललेलं, काहींचं तर नावही.

म्हणून शोध माहेरच्या नावाने सुरू करा. फेसबुकवर बऱ्याच जणी दोन्ही आडनावं लावतात. तरी नाहीच सापडली, तर तिच्या भावाला गाठा. त्याचं आडनाव तेच असतं आणि गावात कुणी ना कुणी त्याला ओळखतंच. माझी बाकावरची मैत्रीण गेल्या महिन्यात अशीच मिळाली! नंबर मिळाला की थेट ग्रुपवर टाकू नका, आधी तिला विचारा. तिची इच्छा महत्त्वाची.

खरी धाकधूक पहिल्या फोनची. "इतक्या वर्षांनी कशाला?" असं तिला वाटलं तर?

मी मानसशास्त्र शिकवते, म्हणून हे आवर्जून सांगते. पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये यावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. आपण केलेली विचारपूस समोरच्याला किती आवडेल, याचा अंदाज आपण कमीच बांधतो. आणि ती जितकी अनपेक्षित, तितकी जास्त भावते.

विषयांची काळजी नको. साधारण १० ते ३० वयातल्या आठवणी उतारवयातही विशेष ठळक राहतात. बाईंचं नाव काढा, पुढचं आपोआप सुरू होतं. पहिल्याच फोनवर विमा किंवा गुंतवणुकीचा विषय मात्र कृपया काढू नका.

कुणाला शोधताय? कुठे अडलंय? कमेंटमध्ये विचारा, पण तिचं पूर्ण नाव लिहू नका.