लेकरू दूध उलटतंय, आणि काटा काय सांगतोय?

औराद, भालकी, बसवकल्याण किंवा आळंद भागातल्या मराठी घरात बाळंतीण असली, की पहिल्या महिन्यातच एक वाक्य कानावर पडतं: "लेकरू दूध उलटायलंय, तुजं दूध बाधायलंय त्याला." यातला पहिला भाग खरा असतो. घरात उलथापालथ होते ती दुसऱ्यामुळे. आईचं वरण बंद होतं, वरच्या दुधाची बाटली येते, ग्राइप वॉटरचं झाकण उघडतं आणि कुणीतरी उदगीरला किंवा बीदरला जाऊन थेंबांचं औषध घेऊन येतं.

आधी पहिल्या भागाचं पाहू. अन्ननलिका जठराला मिळते तिथं स्नायूंचं एक कडं असतं. ते गिळताना सैल पडतं आणि एरवी आवळलेलं राहतं. तान्ह्या बाळात मात्र ते मधूनच, काही गिळत नसतानाही सैल पडतं. जठर लहान, आहार सगळा पातळ आणि बाळ दिवसभर आडवं, त्यामुळे थोडं दूध वर येणारच. डॉक्टर याला रिफ्लक्स म्हणतात. शिकागो परिसरातल्या बालरोगतज्ज्ञांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत तीन महिन्यांपर्यंतची निम्मी बाळं रोज किमान एकदा दूध काढत होती. चौथ्या महिन्यात हे प्रमाण ६७ टक्क्यांवर गेलं आणि दहा ते बारा महिन्यांच्या बाळांत ५ टक्क्यांवर उतरलं. म्हणजे चौथ्या महिन्यापर्यंत उलटणं वाढत गेलं, तर ते बिघडल्याचंच लक्षण असं नाही.

डाग पाहून आई हबकते, तेही समजण्यासारखं आहे. पण एक मोठा चमचाभर, म्हणजे साधारण १५ मिलिलिटर पाणी धुतलेल्या लंगोटावर ओतून पाहावं. ओल तळहाताबाहेर जाते आणि निम्मं पाजणं वाया गेल्यासारखं वाटतं. दह्यासारख्या गाठी आल्या म्हणजे आईचं दूध 'फाटलं' असंही नव्हे. जठरातल्या आम्लानं आणि पाचकरसानं दूध साकळतं. गाठी आणि आंबट वास म्हणजे ते जठरात थोडा वेळ थांबून आलं, एवढंच.

मग दूध अंगी लागतंय की नाही, हे ठरवायचं कशावरून? वजनावरून. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर येतं. त्यानंतर पहिले तीन महिने रोज सरासरी २० ते ३० ग्रॅमची भर पडते. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा किंवा जास्त वेळा लघवी होत असेल, बाळ जागेपणी तरतरीत असेल आणि काटा वर सरकत असेल, तर अंगावरचं झबलं दिवसातून पाचदा बदलावं लागलं तरी तो आजार नव्हे. उपद्रव आहे, धुणं वाढतं, एवढं खरं.

घरी जाऊन बाळाचं वजन करण्याची पद्धत महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत सिद्ध झाली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत आरोग्यदूत महिलांना नवजात बाळाची घरी तपासणी, वजन आणि उपचार शिकवले. तिथले नवजात मृत्यू, तुलनेच्या गावांच्या मानानं, ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. त्या कामाचा मुख्य रोख जंतुसंसर्गासारख्या जिवावरच्या दुखण्यांवर होता. पण २०११ पासून देशभर आशाताई ज्या भेटी देतात, त्यांमागे तोच अनुभव आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या येतात. उलटणाऱ्या बाळाच्या घरी या सहा भेटींतली वजनं एकाखाली एक लिहिलेली असली, की निम्मा वाद मिटतो.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात इथंच एक अडचण येते. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेर देगलूर, निलंगा किंवा अक्कलकोटचं. सव्वा महिन्यानं बाळ सासरी कर्नाटकात येतं तेव्हा वजनाच्या नोंदींचं कार्ड कपाटात राहून जातं, नाहीतर महाराष्ट्रातलं कार्ड वेगळं आणि इकडचं तायी कार्ड वेगळं. कार्ड बाळासोबत यायला हवं. भाषा कुठलीही असो, त्यावरचे आकडे दोन्हीकडे वाचता येतात.

आता आईच्या ताटाकडे. कलबुर्गीच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि त्याच मुलखात बाळंतिणीच्या ताटातलं वरण काढून घेतलं जातं! डाळ, वांगं किंवा आंबट आईनं खाल्लं म्हणून निरोगी बाळ दूध काढतं, याला आधार नाही. आईच्या पोटातला वायू दुधात उतरत नाही. एक अपवाद मात्र खरा आहे. अगदी थोड्या बाळांना गाईम्हशीच्या दुधातल्या प्रथिनाची अॅलर्जी असते आणि ते प्रथिन आईच्या दुधातूनही पोचतं. शीमध्ये रक्त किंवा शेंबडासारखा चिकट भाग, अंगावर खाजरं पुरळ, वजन न वाढणं अशा खुणा दिसल्या, तर डॉक्टर आईला दोन ते चार आठवडे दूधदुभतं सोडून पाहायला सांगतात. फरक पडला नाही तर ते पुन्हा सुरू करायचं.

"आईचं दूध पातळ, म्हणून ठरत नाही," असं म्हणून बाटलीकडे वळणं तर उलट्या दिशेनं जाणं. आईचं दूध जठरातून लवकर पुढं सरकतं. त्यात तांदळाची पेज घालून ते घट्ट करण्याचाही उपयोग नाही, कारण आईच्या दुधातलं अमायलेज हे पाचक द्रव्य पिठूळ भाग फोडून टाकतं. शिवाय सहा महिन्यांआधी पेज द्यायचीच नसते. खरा बदल पाजण्यात करता येतो. दुधाचा जोर जास्त असेल, बाळ ठसकत असेल, तर आईनं मागं रेलून पाजावं. बाळानं तोंड सोडल्यावर पुन्हा पुन्हा कोंबू नये. पाजल्यावर थोडा वेळ उभं धरावं. तेल लावून पायांवर आडवं घेऊन न्हाऊ घालायचं काम पाजण्याआधी उरकावं. भरल्या पोटावर चोळलं की दूध बाहेर येणारच.

ढेकर काढल्याशिवाय झोपवूच नये, हा नियम सगळ्यांना पाठ. चंदीगडमध्ये ७१ माता-बाळांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ढेकर काढल्यानं पोटशूळ कमी झाला नाही, दूध काढणं तर वाढलेलं दिसलं. चाचणी लहान आहे, त्यामुळे ढेकर काढूच नका असा तिचा अर्थ घेऊ नये. पण झोपलेल्या बाळाला उठवून अर्धा तास पाठ थोपटणाऱ्या आजीला थांबवायला ती पुरेशी आहे.

झोपेबाबतचा गैरसमज सगळ्यांत धोक्याचा. उताणं ठेवलं तर दूध घशात अडकेल, म्हणून बाळाला पालथं किंवा कुशीवर ठेवतात. प्रत्यक्षात उताण्या बाळाची श्वासनलिका वर आणि अन्ननलिका खाली असते. वर आलेलं दूध खालीच राहतं. पालथं झोपवल्यानं झोपेत अचानक मृत्यूचा धोका वाढतो. अमेरिकेत १९९४ पासून उताणं झोपवण्याची मोहीम चालली आणि असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. गादीची डोक्याकडची बाजू उचलणं, मोहरीची उशी देणं हेही टाळावं. साडीच्या झोळीत हनुवटी छातीला टेकते, तेव्हा झोपेची जागा सपाट अंथरूणच.

थेंबांच्या औषधांचं काय? लॅन्सोप्राझोल हे आम्ल कमी करणारं औषध १६२ बाळांवर तपासलं गेलं. २००९ च्या त्या चाचणीत औषध मिळालेल्या ८१ पैकी ४४ बाळांना बरं वाटलं आणि नुसतं औषधासारखं काहीतरी मिळालेल्या ८१ पैकीही ४४ च. गंभीर त्रास मात्र औषधाच्या गटात जास्त. उलटीवरच्या डोम्पेरिडोनचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, म्हणून ते दुकानातून आपल्या मनानं आणायचं औषध नाही. ग्राइप वॉटर १८५१ मध्ये इंग्लंडमधल्या विल्यम वुडवर्डनं बनवलं, तेव्हा त्यात दारूही होती. पुढं ती काढली गेली, पण उलटणं थांबवण्याचा पुरावा काही आला नाही. सहाणेवर उगाळलेल्या घुटीत किती काय उतरलं ते मोजता येत नाही. मध तर वर्षाच्या आत चाटवूच नये. त्यातल्या बॉट्युलिझमच्या जंतुबीजांनी बाळ लुळं पडू शकतं. बिब्ब्याचं तेल कातडी भाजतं. मीठमोहरीनं दृष्ट काढण्यानं बाळाचं काही बिघडत नाही, फक्त त्यात दवाखान्याची वेळ जाऊ नये.

ती वेळ कुठली, हे ठाऊक असावं. हिरवी उलटी झाली तर आतडं अडकलेलं असू शकतं. सकाळपर्यंत थांबायचं नाही. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्याच्या सुमाराला उलटी हातभर लांब उडायला लागली, बाळ लगेच पुन्हा भुकेलं आणि वजन उतरू लागलं, तर जठराच्या तोंडाशी स्नायू जाड झालेला असू शकतो. मुलग्यांत हे जास्त दिसतं आणि शस्त्रक्रियेनं पूर्ण बरं होतं. उलटीत रक्त, फुगून कडक झालेलं पोट, फुगीर टाळू, तीन महिन्यांच्या आत १०० अंशांवर ताप, ओठ निळे पडणं, लघवी कमी होणं किंवा दूध ओढायचंच सोडणं, यातलं एकही दिसलं तरी १०८ ला फोन करावा. सीमेच्या दोन्ही बाजूंना हाच क्रमांक चालतो. बीदरला ब्रिम्स, कलबुर्गीला जिम्स ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. आणि सहा महिन्यांनंतर उलटणं नव्यानंच सुरू झालं किंवा दीड वर्ष उलटूनही थांबलं नाही, तर तेही बालरोगतज्ज्ञांना दाखवावं, वजन वाढत असलं तरी.