पुरवणीतील सत्तावीस गावे

बारावीची पूर्वपरीक्षा आटोपली की डोंबिवलीतील आमच्या शिकवणीच्या वर्गात राज्यशास्त्राच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येऊन पडतात, आणि त्यांतील दीर्घोत्तरी प्रश्न तपासू लागले की हा विद्यार्थी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणार आहे, की एखादा परिचित शब्द दिसताच गाइडातील पाठ केलेला मजकूर ओतणार आहे, हे पहिल्या तीन ओळींतच कळून चुकते. ७४व्या घटनादुरुस्तीमुळे नागरी स्वराज्य संस्था खऱ्या अर्थाने स्वायत्त झाल्या काय, असा प्रश्न होता. बहुतेकांनी लिंकनच्या लोकशाहीच्या व्याख्येने प्रारंभ केला, लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावाला वंदन केले आणि पुरवणी मागून घेऊन महापौर, आयुक्त व स्थायी समिती यांची कामे यथाक्रम मांडली. त्यातले एकही वाक्य चुकीचे नव्हते आणि एकाचाही प्रश्नाशी संबंध नव्हता. अशा उत्तराला शून्य देता येत नाही, एवढीच त्याची पुण्याई.

कल्याण-शीळ रस्त्यावरील एका गावातून येणाऱ्या विद्यार्थिनीने मात्र आरंभीच भूमिका घेतली होती: घटनेने या संस्थांना अस्तित्वाची हमी दिली, परंतु त्यांची हद्द ठरविण्याचा अधिकार राज्य शासनाकडेच राहिला. त्याखाली ‘आमच्या गावांवर घोर अन्याय झाला’ असे वाक्य लिहून तिने ते स्वतःच आडवी रेघ मारून खोडले होते, आणि त्याच्या जागी केवळ सन मांडले होते. १९८३ मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या स्थापनेबरोबरच तिच्या हद्दीत आलेली २७ गावे २००२ मध्ये वगळली गेली, २०१५ मध्ये पुन्हा घेतली गेली, आणि २०२० मध्ये त्यांतील १८ गावे बाहेर काढण्याचा शासनाचा निर्णय उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द ठरविला. त्या खोडलेल्या वाक्यात नुसती तक्रार होती; सनांनी तिला प्रमाण दिले.

मुदतीविषयीही तिने असेच लिहिले. संविधानाने पाच वर्षांची मुदत घालून ती संपण्यापूर्वी निवडणूक घेण्याचे बंधन घातले असताना कल्याण-डोंबिवलीची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि मतदानाला जानेवारी २०२६ उजाडला. दरम्यान कारभार प्रशासकाच्या हाती होता. अनुच्छेदाचा क्रमांक तिला आठवला नव्हता. आशय बिनचूक असल्याने मी तो सोडून दिला. ठाण्याच्या मुलांना मार्च २०२२ मध्ये मुदत संपलेल्या आपल्या महापालिकेवरून हेच लिहिता आले असते, पण आपल्या प्रभागाचा कारभार म्हणजे अभ्यासक्रमाबाहेरचा विषय, अशी त्यांची दृढ समजूत दिसते.

मग तिने प्रतिपक्षही मांडला. घटनेने स्त्रियांना दिलेल्या एकतृतीयांश जागा महाराष्ट्राने २०११ मध्ये निम्म्यावर नेल्या. शिवाय रखडलेल्या निवडणुकांबाबत सर्वोच्च न्यायालयाला मे २०२५ मध्ये कालमर्यादा घालता आली, तीही या घटनादुरुस्तीच्या आधारावर. प्रतिपक्षाला एवढी जागा देऊनही ती आपल्या मूळ भूमिकेवर सकारण परत आली, ही गोष्ट प्रौढ वक्त्यांनाही क्वचितच साधते.

पैशाचा उल्लेख मात्र कोठेच नव्हता. जकात गेली, स्थानिक संस्था कर आला आणि गेला, आता राज्याकडून येणाऱ्या अनुदानाकडे महापालिकेला डोळे लावून बसावे लागते. स्वायत्ततेवरील उत्तरात तिजोरी वगळली गेली म्हणून मी दोन गुण कापले आणि समासात ‘उत्पन्न?’ एवढेच लिहिले.