लोकांनी राखलेला रेल्वेमार्ग

एखादा रेल्वेमार्ग एका दिवसात बंद पडत नाही. आधी सोयीच्या वेळेची गाडी रद्द होते. मग लहान स्टेशनांवरचे थांबे जातात. स्टेशनवर येणारी बस बंद होते. साहजिकच प्रवासी घटतात आणि मग तोच घटलेला आकडा पुढे करून विचारले जाते, ‘प्रवासीच नाहीत, तर मार्ग चालवायचा कशासाठी?’ हे चक्र उलटे फिरवता येते का? येते, असे मी म्हणतो ते इंग्लंडमधल्या एका उदाहरणावरून.

यॉर्कशायरमधल्या सेटल गावापासून स्कॉटलंडच्या सीमेजवळच्या कार्लाइल शहरापर्यंत सुमारे ११६ किलोमीटरचा डोंगरी रेल्वेमार्ग आहे. १८७६ साली त्यावरून प्रवासी गाड्या धावू लागल्या. आपल्या बोरघाटाची आठवण व्हावी असे बोगदे आणि पूल त्यावर आहेत. रिबलहेडचा चोवीस कमानींचा दगडी पूल त्यांत सर्वांत प्रसिद्ध. १९७० मध्ये वाटेतली बहुतेक स्टेशने बंद झाली. १९८२ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्या दुसऱ्या मार्गाने वळवल्या गेल्या आणि दिवसाकाठी जाऊन-येऊन जेमतेम दोन गाड्या उरल्या. पुढच्याच वर्षी, पुलाच्या दुरुस्तीचा खर्च परवडत नाही म्हणून, मार्ग बंद करण्याचा प्रस्ताव जाहीर झाला.

लोकांच्या हाती एक साधन मात्र होते. तिथल्या कायद्यानुसार प्रवासी सेवा बंद करण्यापूर्वी जाहीर सूचना द्यावी लागे आणि तिचा वापर करणाऱ्या कोणालाही हरकत नोंदवता येई. या मार्गाच्या चाहत्यांनी १९८१ मध्येच आपली संघटना उभारली होती. त्यांनी गावोगाव हिंडून हरकती गोळा केल्या. त्या २२ हजारांहून अधिक भरल्या! त्यांत एक हरकत चक्क ‘रसप’ नावाच्या कुत्र्याची होती. संघटनेच्या एका संस्थापकाचा हा कुत्रा भाडे भरून प्रवास करी, म्हणजे तोही रीतसर प्रवासीच. सहीच्या जागी त्याच्या पंजाचा ठसा होता.

पण नुसत्या हरकतींनी मार्ग वाचत नाही. गाडीत माणसे बसावी लागतात. ज्यांच्यावर मार्ग बंद करण्याचे काम सोपवले होते, त्या रॉन कॉटन या रेल्वे अधिकाऱ्यांनी उलट गाड्या वाढवल्या आणि मार्गाची जाहिरात केली. १९८६ मध्ये आठ लहान स्टेशने पुन्हा उघडली. १९८३ मध्ये वर्षाला ९३ हजारांच्या घरात असलेली प्रवासीसंख्या १९८९ पर्यंत सुमारे साडेचार लाखांवर गेली. पुलाचा थोडा भाग प्रत्यक्ष दुरुस्त करून पाहिल्यावर खर्चाचा आधीचा अंदाजही फुगलेला ठरला. अखेर ११ एप्रिल १९८९ रोजी सरकारने बंदचा प्रस्ताव फेटाळला.

मला मोल वाटते ते यापुढच्या कामाचे. लढा जिंकून मंडळी घरी बसली नाहीत. स्टेशनांवरच्या बागा राखणे, जुन्या इमारतींची डागडुजी करणे, गाडीत चहा-फराळाची ढकलगाडी फिरवणे, सहलींना वाट दाखवणे ही कामे स्थानिकांनी उभारलेल्या संस्था आणि स्वयंसेवक करू लागले. २०१६ च्या फेब्रुवारीत दरड खचून या मार्गाचा उत्तरेकडचा भाग बंद पडला, तेव्हाही तो सोडून दिला गेला नाही. मोठी दुरुस्ती झाली आणि ३१ मार्च २०१७ रोजी गाडी पुन्हा थेट कार्लाइलला पोहोचली.

नव्वदच्या दशकात ब्रिटनमध्ये हीच रीत अन्य ग्रामीण मार्गांवरही रुजली. पालिका, रेल्वे कंपनी, बसवाले, शाळा आणि गावकरी एकत्र बसतात. गाडीच्या वेळेला बस जोडून घेतात. गाव आपले स्टेशन दत्तक घेते. रूळ, सिग्नल आणि सुरक्षा यांची जबाबदारी रेल्वेकडेच राहते. २००४ मध्ये या कामासाठी अधिकृत धोरणही आखले गेले.

हे काम चिकाटीचे आहे. डेव्हन परगण्यातल्या ओकहॅम्प्टन गावाची नेहमीची प्रवासी गाडी १९७२ मध्ये बंद झाली. जवळच्या खाणीच्या खडीसाठी रूळ तेवढे जागेवर राहिले. १९९७ पासून तिथे उन्हाळ्यातल्या रविवारी गाडी सुटू लागली आणि रोजची गाडी परत आली ती २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये. बंद करायला एक आदेश पुरला. परत आणायला ४९ वर्षे लागली!

आपल्या विदर्भातली यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही ‘शकुंतला’ आज धावत नाही. कापसाच्या वाहतुकीसाठी इंग्रजी अमदानीत घातलेला हा अरुंद मार्ग पुढे गोरगरिबांच्या प्रवासाचा आधार झाला. तो पुन्हा सुरू व्हावा म्हणून तिथल्या लोकांनी आंदोलनेही केली आहेत. ज्यांच्या गावाची गाडी अजून चालू आहे, त्यांनी मात्र आंदोलनाची वेळ येईपर्यंत थांबू नये. आपल्याकडे प्रवासी संघटना आहेत, रेल्वेच्या विभागीय सल्लागार समित्या आहेत. गाडीची वेळ बदलून प्रवासी तुटले, तर त्याची नोंद ठेवून ती समितीपुढे मांडता येते. एस.टी.च्या आगारप्रमुखांना भेटून बस गाडीच्या वेळेला लावून घेता येते. पहिली गाडी रद्द होते, तेव्हाच विचारायला हवे, ‘का?’

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)