कंपनी करातली सवलत भरवेलीपर्यंत आली, वारासिवनीत अडली

मध्य प्रदेशातलं बालाघाट शहर सोडलं की थोड्याच वेळात भरवेली येतं. तिथली मँगनीजची भूमिगत खाण आशियातल्या सर्वांत मोठ्या आणि खोल मँगनीज खाणींत गणली जाते. १८९६ साली स्थापन झालेल्या एका ब्रिटिश कंपनीच्या मालमत्तेवर १९६२ मध्ये सरकारच्या भागीदारीतली नवी कंपनी उभी राहिली. १९७७ मध्ये उरलेला ४९ टक्के हिस्साही सरकारकडे आला. तीच आजची ‘मॉइल’. मुख्यालय नागपुरात, खाणी बालाघाट, भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांत. १९५६ मध्ये या जिल्ह्यांची राज्यं वेगळी झाली, पण खनिजाचा पट्टा सलगच राहिला.

दुसरं बालाघाट वारासिवनी-कटंगीच्या रस्त्याला दिसतं. ते धानाचं आहे. इथल्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हंगामात राइस मिलच्या आवारात धानाच्या पोत्यांची थप्पी लागते. एका बाजूने तूस बाहेर पडतो, दुसरीकडे कोंडा आणि कनकी वेगळी होते. सरकारी भरडाईत शंभर किलो धानामागे सदुसष्ट किलो अरवा (न उकडलेला) तांदूळ द्यावा लागतो. मिलवाल्याची कमाई म्हणजे भरडाईचा दर आणि मागे उरलेला कोंडा-कनकी.

कंपनीवरचा कर कमी केला की देशाचा विकास वेगाने होतो, असं आपण नेहमी ऐकतो. ते कितपत खरं आहे, हे या दोन बालाघाटांकडे पाहिलं की चांगलं समजतं.

२० सप्टेंबर २०१९. पणजीत जीएसटी परिषदेची बैठक होती. तिच्याआधी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी कंपनी कराचा दर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आणल्याचं जाहीर केलं. अट एकच होती, बाकीच्या बहुतेक सवलती सोडायच्या. नव्या कारखानदार कंपनीला तर फक्त १५ टक्के. सरकारच्याच अंदाजाने वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींच्या महसुलावर पाणी सोडावं लागणार होतं. त्या दिवशी सेन्सेक्स १९०० अंशांहून अधिक उसळला.

आता ही सवलत नेमकी कुणाच्या पदरात पडली ते पाहू. अधिभार आणि उपकर धरून मॉइलसारख्या मोठ्या कंपनीला शंभर रुपये नफ्यावर पूर्वी ३४ रुपये ९४ पैसे भरावे लागत. नव्या दराने २५ रुपये १७ पैसे. म्हणजे शंभरामागे पावणेदहा रुपये वाचले. पण चारशे कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या कंपन्यांना आधीपासूनच २५ टक्के दर होता. त्यातल्या कोटीच्या आत नफा असलेल्या छोट्या कंपनीचा कर उपकरासह २६ रुपये होई. तिचे वाचले ८३ पैसे.

आणि वारासिवनीची राइस मिल? या भागातल्या अशा मिल बहुतांशी एकट्या मालकाच्या किंवा भागीदारीच्या असतात. भागीदारी पेढीला दर ३० टक्के होता, तो ३०च राहिला. उपकरासह ३१ रुपये २० पैसे. पणजीच्या घोषणेत तिचं नावच नव्हतं. याची दुसरी बाजूही सांगायला हवी. पेढीतला नफ्याचा वाटा भागीदाराच्या हाती करमुक्त येतो, तर कंपनीच्या लाभांशावर भागधारकाला पुन्हा कर भरावा लागतो. म्हणून पेढीवर सरसकट अन्याय झाला असं मी म्हणणार नाही. पण ज्या घोषणेला देशाच्या विकासाची गुरुकिल्ली म्हटलं गेलं, ती जिल्ह्यातल्या बहुतेक उद्योगांच्या दाराला लागलीच नाही, हे नाकारता येत नाही.

याहून महत्त्वाची बाब घसाऱ्याची. नवं यंत्र घेतलं की त्याच्या किमतीचा काही भाग दरवर्षी नफ्यातून वजा करता येतो. कारखानदाराला पहिल्या वर्षी २० टक्के जादा घसारा मिळतो. २२ टक्क्यांचा दर घ्यायचा तर हा जादा घसारा सोडावा लागतो. याचा अर्थ नीट पाहा. जादा घसारा फक्त यंत्र घेणाऱ्यालाच मिळतो. कमी दर मात्र दहा वर्षांपूर्वीच्या यंत्रावर आज नफा कमावणाऱ्यालाही मिळतो, मग त्याने नवा खिळाही ठोकला नसला तरी. गुंतवणूक वाढवायची होती तर जोर घसाऱ्यावर द्यायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. १५ टक्क्यांची सवलत खरोखर नव्या कारखान्यांसाठी होती. पण ३१ मार्च २०२४ पर्यंत उत्पादन सुरू करण्याची मुदत संपली आणि ती पुढे वाढवली नाही.

शिवाय कर नफ्यावर असतो आणि नफ्याच्या आधी मागणी लागते. मँगनीजचा बहुतांश वापर पोलादात होतो. पोलादाला उठाव नसेल तर करात दहा रुपये वाचले म्हणून कुणी नवा शाफ्ट खणत नाही. फेरोमँगनीजची भट्टी विजेवर चालते, तिथे युनिटचा दर कराच्या दराआधी विचारला जातो. मिलवालाही तांदूळ निवडणारं नवं सॉर्टेक्स यंत्र घेताना आधी भरडाईचं काम किती मिळेल आणि पैसे कधी हातात पडतील, हेच पाहतो.

देशाचे आकडेही हेच सांगतात. २०२३-२४च्या आर्थिक पाहणीत ३३ हजारांहून अधिक कंपन्यांचा हिशेब आहे. २०२० ते २०२३ या आर्थिक वर्षांत त्यांचा करपूर्व नफा जवळपास चौपट झाला. पण खासगी क्षेत्राची यंत्रसामग्री आणि बौद्धिक संपदेतली गुंतवणूक २०२३ पर्यंतच्या चार वर्षांत मिळून ३५ टक्केच वाढली. मधे कोविड आला, त्यामुळे सगळा दोष कराच्या धोरणावर टाकता येणार नाही. जगभरचा अनुभवही फारसा वेगळा नाही. गेशर्ट आणि हाइमबर्गर या अभ्यासकांनी ४२ संशोधनं एकत्र तपासून २०२२ मध्ये निष्कर्ष मांडला : कंपनी कर कमी केल्याचा विकासावरचा परिणाम शून्य असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

सोडलेला कर कुठून तरी कमी होतोच. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ साठीच्या सूत्राने केंद्राच्या वाटपयोग्य करातला ४१ टक्के हिस्सा राज्यांचा होता, आणि त्यातला ७.८५ टक्के मध्य प्रदेशचा. म्हणजे शंभर रुपये सुटले की भोपाळचे सव्वातीन रुपये सुटत. जबलपूर-गोंदिया ही नॅरोगेजची लाइन ब्रॉडगेज झाली ती सरकारी पैशातून. बालाघाटचा माल बाहेर नेणाऱ्यासाठी त्या रुळांची किंमत करातल्या ८३ पैशांपेक्षा कितीतरी जास्त आहे.

पुढच्या अर्थसंकल्पाच्या दिवशी टीव्हीवर कराचा दर मोठ्या अक्षरांत झळकेल. तो जरूर वाचा; पण घसाऱ्याचं काय झालं आणि भागीदारी पेढ्यांना काय मिळालं, या दोन ओळीही शोधा.