म्यानाचं चामडं आणि जिभेवरचा हिरडा

जर्मन माणूस कुणावर तोंडाचा पट्टा सोडतो, तेव्हा त्याला म्हणतात 'फॉम लेडर त्सीएन', म्हणजे 'चामड्यातून उपसणे'. काय उपसलं ते वाक्यात कुठेच नाही, पण ऐकणाऱ्याला तलवारच दिसते. आपण तलवार म्यानातून काढतो, तो चामड्यातून काढतो. त्याच्या भाषेत म्यान आणि चामडं एकच झालंय.

आता प्रश्न असा की कुठलं चामडं? कारण चाकूला हातानं म्यान शिवायला बसलेल्या दहा हौशींपैकी निम्मे तरी पहिल्यांदा चुकीच्या चामड्यावर पैसे घालवतात. दिसायला देखणं, हाताला लोण्यासारखं, आणि म्यान म्हणून अगदी कुचकामी.

हा नाद लागायला जर्मनीतलं हॅनोव्हर ही जागा फार चांगली आहे. शहरातून लाइने नदी वाहते. तिच्या काठावर, 'उंच काठ' अशाच नावाच्या जागी, दर शनिवारी जुना बाजार भरतो. १९६७ पासून. जर्मनीतला सगळ्यात जुना म्हणून तो मिरवतो. पुण्याच्या जुन्या बाजाराचा हा युरोपातला चुलतभाऊच म्हणा, फक्त इथे भाव करताना आवाज चढवत नाहीत. शेजारी निकी द सां फाल या शिल्पकर्तीनं घडवलेल्या तीन रंगीबेरंगी, गोलमटोल बायका १९७४ पासून उभ्या आहेत. त्यांना सगळं गाव 'नाना' म्हणतं. आपल्याकडच्या एखाद्या नानांना तिथे नेऊन फोटो काढलाच पाहिजे.

तर या बाजारात शिंगाच्या मुठीचे जुने शिकारी चाकू मिळतात, पात्यावर झोलिंगन गावाचा शिक्का असलेले. मूठ शाबूत, पातं शाबूत, म्यान मात्र गायब किंवा कडक होऊन तडकलेलं. पोलाद टिकतं, चामडं आधी जातं. म्हणून म्यान नव्यानं शिवायचं.

आधी पोलीस, मग चामडं

कमरेला चाकू लटकवून हॅनोव्हरभर हिंडायचं स्वप्न असेल तर ते इथेच सोडा. १२ सेंटिमीटरपेक्षा लांब पात्याचा, न मिटणारा चाकू योग्य कारणाशिवाय बाहेर बाळगायला जर्मनीत २००८ पासून मनाई आहे. २०२४ च्या ऑक्टोबरअखेर जत्रा, बाजार, उत्सव अशा ठिकाणी तर चाकू बाळगण्यावरच बंदी आली. हॅनोव्हरचा नेमबाजांचा उत्सव १५२९ पासूनचा, जगातला सगळ्यात मोठा म्हणवणारा; तिथेही बंदूक चालवणाऱ्यांचं कौतुक आणि खिशातल्या चाकूला दरवाजा बंद. घरी नेताना चाकू बंद पेटीत हवा. आणि तुम्ही महिनाभर खपून शिवलेल्या म्यानाला कितीही मजबूत बटण लावा, कायद्याच्या लेखी ती बंद पेटी नव्हे. म्यान हे शिकारी, मासेमार आणि बागकाम करणाऱ्यांसाठी. उरलेल्यांनी घरात बसून शिवावं आणि मित्रांना दाखवावं.

तुमची जीभही कमावली जाते

मराठीत कातडं 'कमावतात'. पैशासाठी आणि चामड्यासाठी एकच क्रियापद वापरणारी ही भाषा मला फार आवडते, कारण दोन्हीकडे मेहनत आणि वेळ लागतो. कच्चं कातडं म्हणजे प्रथिन: ओलं राहिलं तर कुजतं, वाळलं तर पत्र्यासारखं होतं. झाडाच्या सालीतलं टॅनिन त्या प्रथिनाच्या धाग्यांना घट्ट बिलगतं, मग ते सहज कुजत नाही आणि वाकतंही.

हे प्रयोगशाळेशिवाय अनुभवायचं असेल तर हिरड्याचा तुकडा चघळा. जीभ खरखरीत होते, तोंड आकसतं. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना बिलगतं, तेव्हा आपण म्हणतो 'तुरट लागलं'. थोडक्यात, तुमचं तोंड काही क्षण चर्मालय झालेलं असतं. युरोपात हे काम ओकची साल करते. आपल्याकडे बाभळीची साल, हिरडा आणि तरवड.

आणि कात! पानातला कात, खैराच्या लाकडाचा. १८०३ मध्ये हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं तुरट वनस्पती आणि कातडी कमावणं यांवर लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध सादर केला. त्यात त्यानं दोन नमुने तपासले होते, एक बंगालचा कात आणि एक मुंबईचा. निष्कर्ष असा की एक पौंड कात सात-आठ पौंड ओकच्या सालीचं काम करतो. ज्या कातावरून कातकरी हे नाव आलं, तो असा युरोपातल्या चामड्याच्या हौदापर्यंत पोचला. कात आणि कातडं यांचा शब्द म्हणून काही संबंध लावू नका, पण योगायोग झकास आहे.

कॉर्सेटची काडी

सालीनं कमवायला आठवडे लागतात, जुन्या पद्धतीनं खड्ड्यात घातलं तर वर्षही जातं. क्रोमियमच्या क्षारांनी तेच काम दिवसभरात उरकतं. म्हणून आज जगातलं बहुतेक चामडं क्रोमचं असतं: बूट, पर्स, जाकिटं, सोफे.

या क्रोमचं एक मूळ हॅनोव्हरच्या अगदी शेजारचं. फ्रीडरिश क्नाप या रसायनशास्त्रज्ञानं १८५८ मध्ये धातूच्या क्षारांनी कातडं कमवता येतं यावर लिहिलं. पुढे तो ब्राउनश्वाइगला प्राध्यापक झाला, हॅनोव्हरपासून साठेक किलोमीटरवर. पण धंदा म्हणून ते चालवलं न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्त्झनं, १८८४ चं पेटंट घेऊन. त्यामागची गोष्ट अशी सांगतात की बायकांच्या कॉर्सेटमध्ये पोलादाच्या काड्या असत, त्यांना तुरटीनं कमावलेलं चामडं लावलं की काड्या गंजत. कॉर्सेटवाल्यांना न गंजवणारं चामडं हवं होतं, आणि त्या शोधातून क्रोम आलं.

आता गंमत बघा. चाकूवाले तुम्हाला ठासून सांगतील, 'क्रोमचं चामडं घेऊ नका, पातं गंजतं.' पोलाद गंजू नये म्हणून आलेलं चामडं गंजाच्या आरोपाखाली बाहेर! आरोप अगदी खोटा नाही. नीट न धुतलेल्या क्रोमच्या चामड्यात क्षार उरतात आणि ते पात्याला लागतात. पण माझ्या मते खरं कारण दुसरंच आहे. क्रोम मऊ असतं. ओलं करून चाकूभोवती दाबलं तरी वाळल्यावर पुन्हा लोळागोळा होतं. सालीचं चामडं पाण्यात भिजलं की मातीसारखं वळतं आणि वाळलं की तोच आकार धरून बसतं. मऊ म्यानात चाकू खुपसताना टोक बाजूनं आरपार येतं, आणि पलीकडे तुमची मांडी असते.

जर्मन चांगलं समजतात हे. सालीनं कमावलेल्या जाड, ताठ, रंगाचा थर न दिलेल्या चामड्याला त्यांच्याकडे 'ब्लांकलेडर' असा स्वतंत्र शब्द आहे. खोगीर, लगाम, पट्टे आणि म्यानं त्याचीच. हॅनोव्हर भागात त्याला गिऱ्हाईक कायमचं, कारण हॅनोव्हरी घोडा. हॅनोव्हरच्या सत्ताधीश दुसऱ्या जॉर्जनं १७३५ मध्ये जवळच्या त्सेले गावात घोड्यांची सरकारी पैदास सुरू केली, ती आजही चालू आहे. घोडा तिथे खोगीर, आणि खोगीर तिथे उरलेला तुकडा. म्यानासाठी चामडं शोधायचं तर फॅशनच्या दुकानात कशाला जायचं, खोगीर करणाऱ्याच्या कातरणांच्या टोपलीत हात घालावा.

दुकानात हळूच करायच्या चाचण्या

कापलेली कड बघा. आतपर्यंत तपकिरी असेल तर साल. मधून निळसर-राखाडी रेघ दिसली तर क्रोम. थेंबभर पाणी टाका: सालीचं चामडं ते पिऊन गडद होतं, क्रोमवर थेंब बराच वेळ तसाच बसतो. घरी आल्यावर कातरण उकळत्या पाण्यात टाका. सालीचं साधारण ७० ते ८५ अंशांच्या दरम्यान आक्रसून वेटोळं होतं, क्रोमचं बहुधा शंभरालाही दाद देत नाही. जाळलं तर क्रोमची राख हिरवट.

माझी लाडकी चाचणी लोखंडाची. ओल्या चामड्यावर खिळा ठेवा. काळानिळा डाग पडला की समजा टॅनिन आहे. हिरडा आणि हिराकस मिळून आपल्याकडे पूर्वी काळा रंग आणि शाई करत, तीच ही करामत. युरोपची जुनी शाईही टॅनिन आणि लोहाचीच, फक्त टॅनिन ओकवरच्या गाठींचं. हॅनोव्हरच्या ग्रंथालयात लायबनिझची सुमारे दोन लाख पानं जपलेली आहेत. १६७६ ते १७१६, चाळीस वर्षं हा तत्त्वज्ञ या गावात राहून लिहीत होता, आणि गणितापासून पत्रापर्यंत सगळं त्या काळच्या शाईत. म्हणजे ओलं चामडं आणि उघडं पातं एकत्र आलं की जे होतं, त्यातच युरोपचं तत्त्वज्ञान लिहिलं गेलंय. म्यानाला ओला आकार देताना मात्र पात्याला आधी प्लॅस्टिक गुंडाळा. तुमच्या चामड्यावर कुणी संशोधन करणार नाही.

पोट नको, पाठ द्या

जनावराच्या कातड्यात पाठ सगळ्यात दाट आणि सारखी. खांदा चालतो, थोड्या सुरकुत्या असतात. पोटाचा भाग स्वस्त मिळतो आणि तो घ्यायचा नाही. आयुष्यभर फुगत-आकसत राहिलेलं चामडं म्यान झाल्यावरही ताणत जातं. जाडी अडीच ते साडेतीन मिलिमीटर. दोन पदरांच्या मध्ये, शिवणीच्या बाजूला, त्याच चामड्याची एक पट्टी घालायची, म्हणजे धार टाक्याच्या दोऱ्याला न लागता पट्टीला लागते. ही पट्टी विसरलेलं म्यान काही दिवसांत आपणहून उघडतं. टाका दोन सुयांचा, मेण लावलेल्या दोऱ्याचा. शेवटी कडा घोटायच्या. 'घोटणे' हा शब्द ज्याला भातापुरता आणि भांगेपुरताच माहीत आहे, त्यानं चामड्याची घोटलेली कड एकदा बोटानं चाचपावी, काचेसारखी लागते.

रेक्झिन? नको. तरी हॅनोव्हरमध्ये त्याचा अपमान करू नये. १७१८ मध्ये सुरू झालेला बेनेके हा मेणकापडाचा कारखाना इथलाच. पुढे तो कृत्रिम चामड्याकडे वळला, आणि नंतर टायरवाल्या कॉन्टिनेंटलच्या घरात गेला. मोटारींच्या आतल्या सजावटीला उत्तम. म्यानाला नाही, कारण कापडावरच्या थरात वळायला आणि आकार धरायला धागेच नसतात.

जाता जाता नाकावर रुमाल धरून एक. पूर्वी कातडं मऊ करायला कुत्र्याची विष्ठा वापरत. ओटो र्‍योम या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १९०७ च्या सुमारास स्वादुपिंडातल्या विकरांपासून तिला पर्याय काढला. याच माणसाच्या कंपनीनं पुढे प्लेक्सिग्लास बाजारात आणली. विष्ठेपासून पारदर्शक काचेपर्यंतची एवढी वाटचाल फार कमी कारकिर्दींना जमली असेल.

चर्मकाराच्या धंद्यानं जर्मनला एक वाक्प्रचारही दिला. नदीत धुवायला टाकलेली कातडी वाहून गेली की चर्मकाराची कमाई बुडाली. म्हणून आशा मावळली की जर्मन अजून म्हणतो, 'माझी कातडी वाहून गेली.' आणि अमेरिकेतला प्रसिद्ध चाकूचा ब्रँड गर्बर? १९३९ मध्ये ऑरेगनच्या पोर्टलंडमध्ये सुरू झाला. जर्मनमध्ये 'गेर्बर' म्हणजे कातडी कमावणारा. चाकूवर नाव चामडंवाल्याचं!

बॅगेतली चप्पल

आता देशातून आलेल्यांसाठी एक सोय. बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं जाड, ताठ, पाणी लागलं की वळणारं चामडं तुमच्या बॅगेत बहुधा आधीच आहे. कोल्हापुरी चप्पल! तिचा तळ अनेकदा म्हशीच्या चामड्याचा, आणि ती कमावण्याचं कसब कोल्हापूरच्या ढोर आणि चांभार समाजाच्या पिढ्यांनी सांभाळलेलं. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकचे चार-चार जिल्हे मिळून. २०२५ मध्ये तसल्याच चपला मिलानच्या फॅशन शोमध्ये दिसल्या आणि गदारोळ झाला. पण जिचा वरचा भाग झिजून गेलाय पण तळ धड आहे, अशी चप्पल फॅशनला कशाला द्यायची? हॅनोव्हरच्या बर्फात ती तशीही घालता येत नाही. रापीनं तळ सोडवा, कोमट पाण्यात भिजवा, छोट्या पात्यापुरता तुकडा सहज निघतो. आईला मात्र सांगू नका.

एवढं करून म्यान तयार झालं, तेल लावलं, चाकू आत सरकला, 'खट्' असा आवाज आला. चाकू तिथेच ठेवायचा का? नाही. सालीचं चामडं थोडं आम्लधर्मी असतं आणि हवेतला ओलावा धरून ठेवतं. बंद म्यानात महिनाभर पडलेलं पातं गंजाचे ठिपके घेऊन बाहेर येतं, आणि मुठीजवळच्या पितळेवर हिरवी साय चढते. म्हणून म्यान भिंतीवरच्या खिळ्याला रिकामं लटकतं, आणि चाकू तेलाचा हात फिरवून, आईच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून, कपाटाच्या खणात.