चुंबे: पर्यटकांच्या पैशावर राखलेलं प्रवाळ

झांझिबारच्या स्टोन टाउनहून नैर्ऋत्येला 12-13 किलोमीटरवर चुंबे नावाचं बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम 22 हेक्टर, गोड्या पाण्याचा झरा नाही, विहीर नाही, वस्ती नाही. 1904 साली इंग्रजांनी बांधलेलं दीपगृह, एक जुनी मशीद आणि मृत प्रवाळाच्या धारदार खडकावर तगून राहिलेलं रान, एवढाच इथला ऐवज. पश्चिम किनाऱ्यालगतच्या पाण्यात मात्र 200 च्या आसपास जातींचं कठीण प्रवाळ आणि 400 हून अधिक जातींचे मासे आहेत. सिबिल रीडमिलर या जर्मन बाईंनी, ज्या आधी विकासकार्यात होत्या, 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला या बेटासाठी खासगी कंपनी काढली. 1994 मध्ये झांझिबार सरकारने हे प्रवाळ राखीव म्हणून जाहीर केलं आणि त्याची राखण या कंपनीकडे सोपवली. 1998 पासून तिथे पाहुणे राहू लागले. पर्यटनाच्या पुस्तिकांत चुंबेची गणना ‘इको-लॉज’मध्ये होते, पण माझ्या मते ही ओळख उलटी आहे. राखण हा इथला मूळ धंदा आहे आणि लॉज त्या राखणदारांच्या पगाराची तजवीज. या क्रमाने पाहिलं तर इथल्या बऱ्याचशा विक्षिप्त वाटणाऱ्या गोष्टींचा उलगडा होतो.

घरांचंच पाहा. राहण्यासाठी फक्त सात बंगले आहेत. प्रत्येकाचं छप्पर अवाढव्य, उतरतं, नारळाच्या झावळ्यांनी शाकारलेलं, कारण ते सावलीपेक्षा पावसासाठी बांधलेलं आहे. पावसाळ्यात छपरावरून ओघळणारं पाणी गाळून जमिनीखालच्या टाकीत साठवतात, हातपंपाने वर चढवतात आणि अंघोळीपुरतं उन्हावर तापवतात. वापरलेलं पाणी वाळू-खडीतून जाऊन पाणी पिणाऱ्या झाडांच्या वाफ्यात मुरतं. संडासात पाणी लागतच नाही. मैल्याचं खत होतं. सांडपाण्याचा एक थेंबही समुद्रात जाऊ नये, हा या सगळ्या खटाटोपाचा हेतू, कारण त्यातले नायट्रोजन-फॉस्फरस शेवाळाला फोफावू देतात आणि शेवाळ प्रवाळाला गुदमरवतं. रात्री वाटांवर दिवे नसतात, हातात टॉर्च घेऊन चालायचं. तेच नारळखेकड्यांच्या सोयीचं. पाय पसरले तर मीटरभर रुंद भरणारा हा प्राणी रात्रीच बाहेर पडतो, आणि माणसांच्या वस्तीजवळ तो फार काळ टिकलेला नाही. आठवा बंगला बांधायचा तर आठव्या छपराचं पाणी हवं, आठव्या संडासाचं खत पचवायला जमीन हवी. वाढीचा मोह टाळायला इथे संयमाची गरज पडत नाही. तो हिशेबातच बसत नाही.

यावर पहिला आक्षेप कोळ्यांच्या बाजूने येतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. पाणी राखीव झालं म्हणजे कुणाचं तरी जाळं उचललं गेलं. चुंबेच्या बाबतीत त्याची धार थोडी बोथट होते, कारण पश्चिमेच्या या पट्ट्याला लागून दार-ए-सलामकडचा जहाजमार्ग जातो आणि तिथली मासेमारी आधीपासूनच जवळपास बंद होती. साध्या होडीवाल्याला इतक्या लांब येणं परवडतही नसे. तरी नियम कागदावर राहिला असता. तो पाळला जातो, कारण राखणदार म्हणून नेमलेली माणसं आजूबाजूच्या गावांतले माजी कोळी आहेत. त्यांच्याकडे बंदूक नाही. होडी आत शिरली की ते जवळ जातात, ओळख काढतात, इथे पोसलेला मासा बाहेरच्या पाण्यातही जातो हे समजावतात. वादळात अडकलेल्याला मदतही करतात. ज्याने स्वतः जाळं टाकलंय त्याच्या तोंडून हे ऐकणं आणि गणवेशातल्या साहेबाकडून ऐकणं, यात केवढं अंतर आहे ते कोकणात वेगळं सांगायला नको. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झालं आणि स्थानिकांचा विरोध वर्षानुवर्षं धुमसत राहिला. अर्थात तुलना बेताचीच. चुंबेवर गाव नव्हतं, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्यांची चूल चालते. चुंबेचा नमुना उचलून मालवणात ठेवा, असं म्हणणाऱ्याने दोन्हीपैकी एकही जागा नीट पाहिलेली नसणार.

दुसरा आक्षेप श्रीमंतीचा. एका रात्रीचे माणशी दोनशे डॉलरच्या पुढे मोजणारा पाहुणा युरोपातून विमानाने येतो. त्या धुराचं काय? समुद्र तापला की प्रवाळ पांढरं पडतं, हे 1998 आणि 2016 मध्ये हिंदी महासागराच्या या भागाने पाहिलं आहे, आणि लॉजच्या सौरपॅनलने विमानाचा धूर फिटत नाही. हा आक्षेप मला पुरता मान्य आहे. फक्त तो चुंबेपुरता मर्यादित नाही: झांझिबारच्या किनाऱ्यावर उतरणारा प्रत्येक पर्यटक त्याच विमानांतून येतो. मग त्याचा पैसा कुठे जातो, हा प्रश्न उरतो. इथे तो गस्तीत जातो. स्थानिक शाळांतली मुलंही फी न घेता बेटावर आणली जातात. त्यांतल्या अनेकांना, विशेषतः मुलींना, झांझिबारसारख्या बेटावर जन्मूनही पोहता येत नसतं. लाइफजॅकेट बांधून, मुखवटा लावून ती पाण्यात तोंड बुडवतात तेव्हा आपल्याच समुद्राचा तळ पहिल्यांदा पाहतात.

खरी उणीव वेगळीच आहे. पाहुण्यांवर गस्त चालते, म्हणजे पाहुणे थांबले की गस्तही धोक्यात. 2020 मध्ये जगभर पर्यटन ठप्प झालं तेव्हा अशा संस्थांचं उत्पन्न एका झटक्यात आटलं. होड्या मात्र थांबणार नव्हत्या; पोटाची अडचण वाढली की राखीव पाण्याचा मोहही वाढतोच. सरकारी अभयारण्याला अंदाजपत्रकाचा आधार असतो, तो तुटपुंजा असला तरी. रीडमिलरबाईंना बांधकामाच्या काळात सरकारी खात्यांच्या परवान्यांनी आणि दिरंगाईने छळलं. एका वर्षात व्हायचं काम चार वर्षं लांबलं. त्या अनुभवातून खासगी मार्गच बरा, असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. मला तो अर्धाच पटतो. राखीव क्षेत्राची घोषणा अखेर सरकारनेच केली, आणि कायद्याचं ते पाठबळ नसतं तर बिनबंदुकीच्या राखणदाराचं गोड बोलणं किती दिवस चाललं असतं? म्हणून अशा लॉजला परदेशी बक्षिसांपेक्षा वाईट वर्षांत पगार देणारा राखीव निधी जास्त गरजेचा आहे, आणि तो उभा करायला हंगाम चांगला असतानाच पाहुण्याच्या बिलातून थोडं बाजूला काढावं लागतं.