गाणं बंद, तास चालू!

संगीताचा तास, पण गायचं नाही! ऐकायला जोक वाटतो ना? सप्टेंबर २०२० मध्ये इंग्लंडमधल्या शाळा पुन्हा भरल्या, तेव्हा प्राथमिकच्या शिक्षकांपुढे नेमका हाच पेच होता. कोव्हिडमुळे शाळेचा कॉयर आणि असेंब्लीतलं एकत्र गाणं नको, अशा सरकारी सूचना होत्या.

भीती उगाच नव्हती. त्याच वर्षी १० मार्चला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात ‘स्कॅजिट व्हॅली कोराल’ या गायकवृंदाची तालीम झाली. हजर होते ६१ जण. त्यातल्या एकाला लक्षणं होती. त्या व्यक्तीसह ५३ जणांना कोव्हिड झाल्याचं निश्चित झालं किंवा तशी दाट शक्यता होती. दोघांचा मृत्यू झाला.

मग वर्गात करायचं काय? उत्तरं तशी जुनीच होती.

अंगच वाद्य

टाळी, चुटकी, मांडीवर थाप, पायाचा ठेका. याला म्हणतात ‘बॉडी पर्कशन’. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ यांच्या शिक्षणपद्धतीत त्याला मोठं स्थान आहे. एका मुलानं चार मात्रांचा तुकडा वाजवायचा, वर्गानं तो परत करायचा, मग पुढच्याची पाळी. खर्च शून्य! हे फक्त पोरखेळ वाटत असेल, तर स्टीव्ह राइक यांची १९७२ ची ‘क्लॅपिंग म्युझिक’ ही रचना यूट्यूबवर बघा. दोन माणसं, फक्त टाळ्या. एक जण ठेका धरून ठेवतो, दुसरा तोच ठेका हळूहळू पुढे सरकवतो. आणि ‘पिच परफेक्ट’मधली कपची ट्रिक तर आपल्यापैकी कित्येकांनी कॅन्टीनच्या टेबलावर करून पाहिलीये.

हातातले सूर

सूर तोंडाने न काढता दाखवताही येतात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या जॉन कर्वेन यांनी प्रत्येक स्वराला हाताची एक खूण दिली. पुढे हंगेरीच्या झोल्तान कोदाय यांच्या पद्धतीतही या खुणा आल्या. ‘डो’ म्हणजे कमरेजवळ बंद मूठ, ‘मी’ म्हणजे आडवा तळहात. सूर चढला की हातही वर जातो. शिक्षक खुणा करतात, मुलं मनातल्या मनात गातात. कानाला यापेक्षा चांगला व्यायाम कुठला?

आपल्याकडे काय?

महाराष्ट्रात प्राथमिकचे वर्ग तेव्हा दीर्घकाळ बंदच होते. पण गाणं अडायला साथच लागते असं नाही. एका खोलीत दोन इयत्ता बसतात, शेजारच्या वर्गात पेपर चालू असतो. अशा वेळी आपला तीनताल कामाला येतो. मात्रा १६, पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्या मात्रेला खाली. टाळीऐवजी दोन बोटं तळहातावर टेकवली तरी भागतं. मैदान मोकळं असेल तर लेझीम आहेच.

यात सगळ्यात जास्त फायदा कोणाचा? गॅदरिंगच्या समूहगीतात ज्याला ‘तू नुसते ओठ हलव’ सांगितलं जातं, त्या पोराचा. ठेक्याच्या खेळात त्याला बेसूर म्हणायला जागाच नाही. शिवाय लय पक्की झाली, की गायची भीतीही थोडी कमी होते.

अर्थात, हा गाण्याला पर्याय नाही. सुरात गायला गाऊनच येतं. ऑगस्ट २०२० मध्ये ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी २५ व्यावसायिक गायकांवर केलेला अभ्यास समोर आला. तोंडातून किती सूक्ष्म कण बाहेर पडतात, यात गाणं की बोलणं यापेक्षा आवाज किती मोठा हे जास्त महत्त्वाचं, असं त्यात दिसलं. म्हणजे ‘गाऊच नका’ आणि ‘जोरात गा’ यांच्यामध्ये ‘हळू गा’ हाही एक मार्ग होता.

डी.एल.एड.ला असाल किंवा एनएसएसच्या कॅम्पला गावातल्या शाळेत जाणार असाल, तर पेटी नाही म्हणून संगीताचा तास गाळू नका. ठेक्यापासून सुरुवात करा, गाणं नंतर घ्या. आणि ते ओठ हलवणारं पोर दिसलं, तर पहिला तुकडा त्यालाच वाजवायला सांगा.